न दुखणारी गाठ तपासायला पाठवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मर्केल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या दुर्मिळ कर्करोगाबद्दल छापून येते तेव्हा ‘विषाणूमुळे होणारा’ एवढेच वाचकांच्या लक्षात राहते आणि रुग्णाजवळ बसायलाही लोक कचरतात. हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही. २००८ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी शोधलेला हा पॉलिओमा विषाणू बहुतेकांच्या त्वचेवर लहानपणापासूनच असतो आणि जन्मभर गप्प राहतो. क्वचित त्याचा डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएत शिरून तिथेच अडकतो आणि ती पेशी बेसुमार वाढू लागते. अमेरिका-युरोपात सुमारे ८० टक्के गाठींत तो सापडतो. ऑस्ट्रेलियात प्रमाण कमी आहे, कारण तिथे कडक उन्हातले अतिनील किरणच बऱ्याच गाठींना पुरतात.

पन्नाशीपुढचे वय, गोरी त्वचा, वर्षानुवर्षांचे ऊन, टॅनिंगचे दिवे या गोष्टी धोका वाढवतात. सावळ्या त्वचेत हा आजार फारच विरळ, तेव्हा उन्हाची धास्ती घ्यायला नको. मात्र मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमससारख्या गोळ्या घेणारे, एचआयव्हीबाधित आणि लिम्फोसाइटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण यांनी सावध राहायला हवे. अमेरिकेतील नोंदींत प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये हे प्रमाण इतरांच्या सुमारे २४ पट आढळले. तरीही एकूण आकडा लहानच आहे. म्हणून गोळ्या मनाने कमी करू नयेत, बसवलेले मूत्रपिंड जाईल.

महिन्यातून एकदा चेहरा, कानांमागची जागा, डोके, मान, हात, पोटऱ्या नीट पाहाव्यात. लालसर किंवा जांभळट, घट्ट, चकचकीत गाठ, जी दुखत नाही आणि दोन-तीन महिन्यांत झपाट्याने वाढते, ती केसतोड समजून शेकत बसू नये. १९५ रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात ५६ टक्के गाठी तपासणाऱ्या डॉक्टरांनाही आधी निरुपद्रवी वाटल्या होत्या.

खरी चूक होते ती छोट्या शस्त्रक्रियेत. चरबीची गाठ म्हणून काढतात आणि टाकून देतात. काढलेला तुकडा, कितीही लहान असो, दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे. सलाइनमध्ये ठेवला तर पेशी खराब होतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना केलेल्या साध्या रंगकामात या पेशी लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) किंवा फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगासारख्याच दिसतात, म्हणून सीके-२० आणि टीटीएफ-१ ही पेशींमधली प्रथिने ओळखून हे कर्करोग वेगळे करणाऱ्या चाचण्या मागून घ्याव्यात. निदान पक्के झाले की जवळच्या लसिका ग्रंथीही तपासाव्या लागतात, कारण हा आजार तिथे लवकर पोहोचतो.

पसरलेल्या आजारासाठी २०१७ पासून अ‍ॅव्हेल्युमॅब हे औषध आहे. पण ते प्रतिकारशक्तीच जागी करते, आणि प्रत्यारोपण झालेल्या रुग्णात त्यामुळे शरीर बसवलेला अवयव नाकारू शकते. त्यांच्यासाठी तरी गाठ लहान असतानाच निघायला हवी.

— एक त्वचारोगतज्ज्ञ, पुणे