यंदा सुगीला येत नाही, रागावू नका

आई, बाबा,

फोनवर सांगायला गेलो की बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईकडं देतात आणि आई गप्प होते, म्हणून लिहितोय. यंदा भातकापणीला मी येत नाही. परीक्षेची तारीख घेतली, फी पण भरली.

बाबा, तुम्ही विचारलासा, नोकरी चालू हाय की, मग परत कसली परीक्षा. आमच्याकडं रात्रपाळीला ढीगभर अलर्ट येतात, म्हणजे कॉम्प्युटरवर काहीतरी गडबड दिसतेय असे इशारे. कुणाला फसवा ईमेल आला की त्यातली लिंक बघायची, आयपी म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवरचा पत्ता बघायचा, फाईलचा हॅश म्हणजे तिचा बोटाचा ठसाच, तो व्हायरसटोटल ह्या वेबसाइटवर तपासायचा, खराब निघालं तर फायरवॉलवर, म्हणजे नेटवर्कच्या राखणदारावर, ब्लॉक करायचं, तिकीट म्हणजे कामाची नोंद लिहायची, की पुढचा अलर्ट हजर. ह्या सगळ्या पायऱ्या एकदा लिहून ठेवल्या की सिस्टीम आपोआप करते, त्याला प्लेबुक म्हणतात. परीक्षा त्याचीच, पालो आल्टो कंपनीच्या एक्सएसओएआर ह्या सॉफ्टवेअरवर. मग मशीनच करतंय तर तुझं काय काम, म्हणाल. पण त्या पायऱ्या लिहिणारा लागतोच, आणि मेन सर्व्हर नेटवर्कपासून तोडायची वेळ आली तर तिथं थांबून माणसाला विचार, हे पण त्यात घालावं लागतं, नाहीतर एका खोट्या अलर्टवर सगळं ऑफिस बंद. शिवाय अलर्ट बघत बसणाऱ्याची रात्रपाळी सुटत नाही, लिहिणाऱ्याची सुटायचा चान्स असतो. तुम्हालाच माझ्या जागरणाची काळजी ना?

जेवणाचं बरं हाय. रूमजवळ हुबळीवाल्यांची खानावळ हाय, भाकरी गरम मिळते, तुझ्यासारखी नाही आई, आणि शेंगाचटणी अजून पुरवून खातोय. अभ्यासाला बसलो की तू मागनं येऊन डोक्याला तेल लावशील असं अजून वाटतं, हसू नको.

आता ऐका. बाबा, वाकून कापायचं नाही, कंबर बघा आधी. मशीनवाल्याशी बोललोय, पैसे फोनपे केलेत. खालच्या वाफ्यात ओल असंल, मशीन जाणार नाही, तेवढ्याला माणसं लावा. हत्ती आले म्हणून रात्री राखणीला जायचं नाही म्हणजे नाही. बीपीची गोळी जेवल्यावर आठवणीनं. आई, डोळे दाखवायला बेळगावला जाऊन ये, कर्नाटकच्या सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, आधार कार्ड तेवढं घे, बाबांचं तिकीट काढा.

पेपर झाला की राणी चेन्नम्मा एक्सप्रेस धरतो. खालच्या वाफ्यातल्या भाताची मळणी माझ्यासाठी ठेवा. आणि काकूनं विचारलं तर पोरगं येत नाही म्हणू नका, मळणीला येतंय म्हणा.