आजीचा हसरा फोटो तुझ्याकडे असणार

पुणे, १४ ऑगस्ट

प्रिय दोस्ता,

आपण थायलंडात साखर कारखान्यावर होतो तिथली, नाम फोंगची आजी गेली. तिच्या धाकट्या मुलीचा परवा लाइन अ‍ॅपवर निरोप आला. फोनच करणार होतो, पण सांगण्यासारखं बरंच आहे आणि तुझ्याकडून एक काम करून घ्यायचंय, म्हणून लिहायला बसलो.

म्हातारपणानेच गेली, घरात, आपल्या माणसांत. धाकटी हल्ली रयोंगला कारखान्यात असते, थोरला तैवानात. दोघंही वेळेत पोहोचले. दहन गावच्या विहारातच झालं.

तिकडे शवपेटीपुढे गेलेल्या माणसाचा फोटो मांडतात, ते तू पाहिलंयस. घर पालथं घातलं तरी आजीचा एकच फोटो निघाला, ओळखपत्रावरचा. मागे उंची मोजायच्या आडव्या रेघा, ओठ घट्ट मिटलेले, डोळे भेदरलेले. तोच स्टुडिओत नेऊन मोठा केला आणि रेघा पुसून मागे निळं आभाळ टाकलं. धाकटीने मला तो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आई अशी नव्हती. तुमच्याकडे तिचा हसतानाचा एखादा आहे का?’

शंभराव्या दिवशी घरचे पुण्यकर्म करणार आहेत. त्याच वेळी अस्थी विहाराच्या कुंपणाकडेच्या छोट्या स्तूपात ठेवतील आणि स्तूपावर तिच्या फोटोची फरशी बसवतील. ती एकदा बसली की पिढ्यान्‌पिढ्या तोच चेहरा राहणार. ओळखपत्रावरचा चेहरा तिथे लागू नये असं मला फार मनापासून वाटतंय.

निरोप आल्यापासून अल्बम घेऊन बसलोय. खोन केन शहरातला फोटोवाला रोलबरोबर फुकट द्यायचा ते कागदी अल्बम अजून धड आहेत. मी मुंबईहून नेलेल्या चिकट पानांच्या मोठ्या अल्बमने मात्र घात केला. कडा पिवळ्या पडल्यात, हिरवं सगळं तांबूस झालंय. पाठीवर फोटोवाल्याच्या मुलीने २५३६ असं साल घातलंय. नातीला ५४३ वजा करून दाखवले तेव्हा कुठे तिला ते १९९३ आहे हे पटलं.

माझ्याकडचा सगळ्यात चांगला फोटो रेशमाचा आहे. घराखालची ती खांबांमधली सावली, एका बाजूला माग, कडेला पावसाचं पाणी साठवायचे पुरुषभर उंचीचे सिमेंटचे रांजण. आजी उकिडवी बसलीय. पुढे कोळशाच्या शेगडीवर मडकं, त्यात पिवळेधमक कोष उकळतायत. मडक्याच्या तोंडावर लाकडी कमान आणि तिला छोटं चाक. एका हातातल्या दुबेळक्या काठीने ती कोष दाबतेय, चाळवतेय. दुसऱ्या हाताने वर येणारा धागा ओढून शेजारच्या टोपलीत सोडतेय. पुष्कळ कोषांचे तंतू मिळून तो एक धागा व्हायचा. किती तंतू घ्यायचे, जाडी कुठे धरायची, हे तिची बोटंच ठरवायची. बोलताना, नातवाला ओरडतानाही धाग्यात फरक पडत नसे. कोष सुटला की आतला किडा उचलून तोंडात टाकायची आणि एक आपल्या हातावर ठेवायची. तू पहिल्याच दिवशी खाल्लास आणि उकडलेल्या शेंगेसारखा लागतो म्हणालास. याच धाग्याला गाठी मारमारून, रंगवून ती पटोळ्यासारखं नक्षीचं मातमी विणायची. फोटोत हे सगळं आलंय, चेहरा तेवढा वाफेत गेलाय.

हसरा फोटो तू काढला होतास. अग्निबाणांच्या जत्रेतला, बुन बांग फायचा. मे महिना, पेरणीआधीचा उकाडा, पाऊस पडावा म्हणून गावोगाव आभाळात बाण सोडायचे ते दिवस. आपल्या गावचा लांबलचक बांबूचा बाण मिरवणुकीने निघाला होता, खॅन हा बांबूचा बाजा वाजत होता, मोर लामचं लोकगाणं चाललं होतं, आणि आजी गुडघाभर चिखलात दोन्ही हात वर करून नाचत होती. तू पुढे पळत जाऊन चिखलात बसून फोटो काढलास. प्रिंट आपण तिला दिली होती, ती दाराच्या आतल्या बाजूला टाचणीने लावलेली मला आठवतेय. लाकडी घर विकलं तेव्हा ती हरवली असं धाकटी म्हणते. सागाची जुनी घरं लाकडासाठीच विकली गेली तिकडे. आता सगळीकडे काँक्रीट, खालचा भाग भिंती घालून बंद. निगेटिव्ह तुझ्याकडेच असणार, कारण तो रोल तुझ्या यशिका कॅमेऱ्यातला होता.

हे सगळं चाळताना एक गोष्ट सारखी मनात येतेय. त्या गावाचे त्या वर्षांतले फोटो गावाकडे जवळजवळ नाहीतच. कॅमेरा आपल्याकडे होता. कारखान्याचा पगार होता, रोल धुवायला पैसे होते, म्हणून त्यांचं गाव आपल्या कपाटात येऊन पडलं. त्यांच्या घरांत भिंतीवर काय होतं आठव. थायलंडचे राजे भूमिबोल, एखाद्या मान्यवर भिक्खूंची तसबीर, मुलाचा भिक्खू होतानाचा मुंडण केलेला फोटो, आणि सौदीचा फोटो. ईसानातून, म्हणजे त्या ईशान्य थायलंडातून, किती पुरुष सौदीला गेले होते! वाळवंटात कुठल्या तरी मोटारीला टेकून उभा असलेला मुलगा आपल्या गावातही घरटी दिसायचा. १९८९ला थाई नोकराने सौदी राजवाड्यात केलेल्या त्या हिऱ्यांच्या चोरीनंतर सौदीने थाई कामगारांना दार बंद केलं, ते उघडायला २०२२ उजाडलं. आपण गेलो तेव्हा ती माणसं नुकतीच परतून ऊस तोडत होती. परदेशात राहिलेली माणसं त्या गावात पुष्कळ होती, आपण त्यांत दोघं जास्तीचे. म्हणूनच आपल्याला त्यांनी इतकं सांभाळून घेतलं असं मला आज वाटतं. परक्या मुलखात एकटं जेवणं म्हणजे काय हे घराघरात माहीत होतं.

ऊसतोडीचे फोटो माझ्याकडे भरपूर आहेत. जाळलेल्या फडातली बाई, अंगात लांब बाह्या, डोक्यातोंडाला कापड गुंडाळलेलं, नुसते डोळे दिसतायत. मजुरी मोळीवर. माझी आई सांगायची तो बीडकडचा कोयता मला तिथे रोज दिसायचा. डिसेंबर ते एप्रिल गळीत चालायचं आणि फड पेटले की काळी राख दोरीवरच्या कपड्यांवर उतरायची. कारखान्याच्या आतले फोटो मी बाजूला काढले. बॉयलर आणि मिल कुठेही सारख्याच, ते गावाला नकोत.

नोंग खायचा एक फोटो मात्र तुझ्यासाठी वेगळा ठेवलाय. आपण होडीने मेकाँग ओलांडून लाओसात व्हिएन्तिआनला गेलो तेव्हाचा. मागे मैत्री पुलाचं काम चाललेलं. पूल १९९४च्या एप्रिलमध्ये सुरू झाला. होडीचा धक्का आणि अर्धवट पूल एकाच चौकटीत आहेत, आणि तू त्यात इतका बारीक आहेस की वहिनी ओळखणार नाहीत.

आता काम. तुझ्या चिपळूणच्या दमटपणात निगेटिव्हला बुरशी धरली असेल तर पाण्याने किंवा कापडाने पुसू नकोस. पातळ थर पाण्याने फुगतो आणि चित्रासकट निघून येतो. पट्ट्या कडेला धरूनच उचल, कोरड्या पाकिटात घाल, सोबत सिलिका जेलची पुडी टाक आणि कुरियर कर. इथे मी चांगल्या स्कॅनरवर किमान २४०० डीपीआयला करून घेतो. फरशीसाठी आणि भिंतीवरच्या मोठ्या प्रिंटसाठी तेवढं पुरतं. चिकटून बसलेल्या प्रिंट असतील तर नखाने उचकटू नकोस. दात साफ करायचा तो फ्लॉस फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू ओढला की सुटतात. मी बऱ्याच सोडवल्या. जी सुटेल असं वाटत नाही तिचा पानासकट फोटो काढून पाठव.

आणि ओळखशील तेवढ्यांची ओळख लिहून दे. त्या काळच्या पोरांची नावं तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ होती, तू त्यांना फुटबॉल शिकवायचास. सरपंचांच्या घरासमोर पहाटे भोंगा लागायचा तो खांब, त्याखाली बसलेल्या म्हाताऱ्यांचा एक फोटो आहे. त्यातला उजवीकडून दुसरा कोण ते मला लागत नाहीये. आपण निघालो त्या दिवशी आजीच्या घरी मनगटांना पांढरे दोरे बांधले, तळहातावर उकडलेलं अंडं ठेवलं, तेव्हा सगळा गाव त्या खोलीत होता. त्या एका फोटोत मला तेवीस चेहरे दिसतात. धाकटी म्हणते त्यांतले पुष्कळ आता नाहीत आणि काहींच्या घरी एकही फोटो नाही. मला प्रत्येक घराला त्यांच्या माणसाची प्रिंट पाठवायचीय, मागे नाव लिहून, थाईमध्ये. धाकटीने लिहून द्यायचं कबूल केलंय.

शंभरावा दिवस नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतो आणि फरशी भाजून यायला वेळ लागतो, तेव्हा जत्रेचा रोल आधी पाठव, बाकीचे गणपतीनंतर आले तरी चालतील. पाकिटावर ‘वाकवू नये’ असं ठळक लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
खोन केनचा सोबती