टिळकांचा निर्णय आठवावा

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

मिशनऱ्यांविषयी आपल्याकडे चर्चा निघते ती बहुधा धर्मांतराच्या आकड्यांपाशीच अडते. त्या जीवनात मिशनऱ्याला स्वतःलाच कोणते निर्णय घ्यावे लागले, याकडे फारसे कोणी पाहत नाही. ख्रिस्ती कवी आणि धर्मोपदेशक रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे उदाहरण मला यासाठी फार मोलाचे वाटते. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेताना त्यांनी घरदार आणि गणगोत दुरावण्याची किंमत मोजली; पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षे ताटातूट झाली, ती तर सर्वांत जिव्हारी लागणारी. पण त्यांचा १९१७ सालचा निर्णय मला तितकाच अवघड वाटतो. वय पन्नाशीच्या पुढे गेलेले, प्रकृती तोळामासा, आणि तरीही अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून स्थान होते. यात मिशनचा द्वेष नव्हता. परक्या अंमलाखालचा पगारी धर्मोपदेशक लोकांना आपला वाटणार नाही, ही तळमळ होती. ज्या माणसाने ओवी-अभंगांतून ख्रिस्त गायिला, त्याला दुसरे काही सुचलेही नसते.

पुढे दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते गेले. त्यांची पदे मराठी चर्चमध्ये आजही गातात. या निर्णयाबद्दल मात्र तरुण मंडळींना कोणी सांगत नाही. आपल्या रविवार पुरवणीत त्यावर सविस्तर लेख यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा