ती काच शुभशकुन म्हणून फोडत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जगभरातल्या लग्नांवर लेख आलाय तो वाचला. फोटो मस्तच आहेत, पण ज्यू लग्नाच्या फोटोखाली "नवरदेव पायाने काच फोडतो, हा शुभशकुन मानतात" असं छापलंय आणि बाजूच्या चौकटीत कब्बाला म्हणजे "प्रेम जुळवायची गूढ विद्या" असं, म्हणजे जणू राशिभविष्याचाच प्रकार. राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी काही अभ्यासक नाही, काही वर्षं इस्रायलमध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायच्या कामाला होते आणि त्यातली बरीचशी जेरुसलेममध्ये एका आजींकडे गेली. त्यांना मी सावता म्हणायचे, हिब्रूत आजीला तेच म्हणतात. त्यांचे यजमान कब्बाला, म्हणजे ज्यूंची गूढ धर्मविचारांची परंपरा, वाचणाऱ्यातले होते, ते गेल्यावर पुस्तकं कपाटात राहिली आणि त्यातलं जे काय सावतांना आठवायचं ते त्या मला संध्याकाळी पाय चोळून घेता घेता सांगायच्या.

सावतांच्या नातवाच्या लग्नाला त्यांची व्हीलचेअर ढकलत मीच गेले होते. लग्न उघड्यावर, चार काठ्यांवर ताणलेलं कापड, त्याला हुप्पा म्हणतात, भिंती नाहीत. नवरीने नवऱ्याभोवती सात फेऱ्या मारल्या, झगा लांब होता म्हणून दोघींनी मागून उचलून धरलेला. मग त्याने तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटात अंगठी घातली, करार वाचला, सात आशीर्वाद झाले, आणि शेवटी रुमालात गुंडाळलेला काचेचा ग्लास त्याच्या पायाशी ठेवला. कटकन आवाज आला आणि सगळे "मझल तोव", म्हणजे अभिनंदन, असं ओरडायला लागले, बँडपण सुरू. सावता मात्र ओरडल्या नाहीत. माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. मला वाटलं बीपी वाढलं की काय.

नंतर त्यांनी सांगितलं. ही काच जेरुसलेमचं मंदिर पाडलं त्याच्या आठवणीसाठी असते, दुसरं मंदिर रोमनांनी इ.स. ७० मध्ये पाडलं. फोडण्याआधी नवरा "जेरुसलेमा, तुला विसरलो तर" ही स्तोत्रातली ओळ म्हणतो. आणि त्याच्याही मागे तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथातली एक गोष्ट आहे, एका रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, मुलाच्या लग्नात सगळे विद्वान फारच रंगात आले, तर त्या रब्बींनी चारशे झुझ (तेव्हाची चांदीची नाणी) किमतीचा प्याला आणला आणि सगळ्यांसमोर फोडला, मंडळी गप्प झाली. झालं, एवढंच. यात शकुन कुठे आला? भर आनंदात सुद्धा काहीतरी मोडलेलं आहे हे विसरू नका, असं ते आहे.

आता कब्बालाचं. झोहर हा त्यांचा मुख्य ग्रंथ, तो तेराव्या शतकाच्या शेवटी स्पेनमधल्या कास्तिल भागात बाहेर आला. मोशे दे लेओन यांनी तो दुसऱ्या शतकातले रब्बी शिमोन बार योखाय यांचा म्हणून लोकांसमोर आणला, पण अभ्यासक आज तो बहुतेक लेओन आणि त्यांच्या मंडळींचाच मानतात. त्यात काय म्हटलंय, तर जीव खाली येण्याआधी एकच असतो, स्त्री आणि पुरुष मिळून एक. जन्माला येताना त्याचे दोन होतात आणि लग्नात देव ते परत जोडतो. इथवर गोड आहे, तुमच्या चौकटीतही एवढंच आलंय. पण हे अर्धंच झालं. त्यांच्या मते देवातसुद्धा असे दोन भाग आहेत, एक वरचा, देणारा, आणि एक शेखिना, म्हणजे देवाचं इथे खाली माणसांमध्ये राहणं, तिला स्त्री मानतात. मंदिर पडलं आणि लोक देशोधडीला लागले तेव्हा शेखिनाही त्यांच्याबरोबर निघाली, म्हणजे देवाच्याच घरात ताटातूट. म्हणून खाली एखादं लग्न लागतं तेव्हा ते त्या दोघांपुरतं नसतं, वरची ताटातूट तेवढी तरी कमी होते असं ते मानतात. सावता म्हणायच्या, म्हणून तर आम्हाला लग्नात रडू येतं गं, तुला वाटतं मुलगी सासरी चालली म्हणून.

एक शब्द मला फार आवडला, यिखुद. हुप्पाखालचं सगळं झालं की नवराबायकोला काही मिनिटं एका खोलीत एकटं सोडतात, बाहेर साक्षीदार उभे. दोघांनी दिवसभर उपास केलेला असतो तो तिथे सोडतात. त्या दिवशी मी सावतांना वॉशरूमला नेत होते तर त्या बंद दारासमोरूनच जावं लागलं, आत कोणीतरी खो खो हसत होतं आणि प्लेटचा आवाज येत होता. त्या खोलीतल्या एकांताला यिखुद म्हणतात, आणि कब्बालावाले एखादं धर्मकृत्य करण्याआधी देव आणि शेखिना यांच्या एकत्र येण्यासाठी म्हणून जे वाक्य म्हणतात त्यातही हाच शब्द, यिखुद. दोन भुकेली पोरं खोलीत बसून खातायत आणि शब्द तोच!

सोळाव्या शतकात उत्तरेकडच्या त्स्फात गावात हे सगळं अजून पुढे गेलं. तिथले लोक शुक्रवारी संध्याकाळी गावाबाहेर शेतात जाऊन शब्बाथचं, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचं, स्वागत करायचे, नवरीसारखं. श्लोमो अल्काबेत्स यांनी तिथेच लिहिलेलं गाणं आजही दर शुक्रवारी म्हणतात, शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळतात, "ये नवरी ये" म्हणत. म्हणजे लग्न दर आठवड्याला. तिथेच कब्बालाचे मोठे गुरू इत्सखाक लुरिया होते, १५७२ मध्ये वारले, वय फक्त ३८. त्यांचं म्हणणं असं की सृष्टी घडतानाच प्रकाशाची भांडी फुटली, ठिणग्या सगळीकडे विखुरल्या आणि माणसाचं काम ते गोळा करून दुरुस्त करायचं. पुढे लोकांनी लग्नातल्या काचेचा संबंध त्या फुटलेल्या भांड्यांशीही जोडला. मूळ कारण ते नाही, पण मला पटतं.

गंमत म्हणजे त्स्फातजवळच्या मेरोनला बार योखाय यांच्या पुण्यतिथीला लाखो लोक जमतात त्याला हिलुला म्हणतात, आणि अरामी भाषेत हिलुला म्हणजे लग्नाचा सोहळा. आपल्याकडचा उरूस शब्दसुद्धा मूळ अरबीत लग्नाचाच आहे, हे मला तिकडे जाऊन कळलं.

सगळंच गोग्गोड आहे असं नाही हेही सांगते. झोहरमध्ये शेखिना चंद्रासारखी, स्वतःचा उजेड नाही, वरच्या देणाऱ्याने दिला तर उजेड, हे मला अजिबात झेपलं नाही आणि सावतांनाही नाही. लिहिणारे सगळे पुरुष ना, त्या म्हणायच्या. आणि प्रत्यक्षात तिथे ज्यूंची लग्नं आणि घटस्फोट रब्बींच्या कोर्टाच्या हातात, गेट नावाचा कागद नवऱ्याने स्वतःच्या मर्जीने द्यावा लागतो, तो अडून बसला की बाई वर्षानुवर्षं लटकलेली. आमच्या बिल्डिंगमध्येच एक होती, वरच्या मजल्यावर. तिला जाऊन शेखिनाच्या गप्पा सांगायची माझी तरी हिंमत झाली नसती. तरी तालमूदमध्ये यावर उतारा आहे एक, रब्बी अकिवांचा. हिब्रूत पुरुष म्हणजे ईश आणि स्त्री म्हणजे ईशा. पुरुषात 'योद' अक्षर जास्तीचं, स्त्रीत 'हे' नावाचं अक्षर, दोन्ही मिळून देवाचं नाव होतं. ती दोन अक्षरं काढली तर दोघांतही एश उरतं, एश म्हणजे आग. दोघं नीट राहिले तर शेखिना त्यांच्यामध्ये, नाही तर आग दोघांनाही खाते. सावतांनी मला हे कणकेने लिहून दाखवलं होतं, ओट्यावर, शब्बाथचा पाव वळताना, आणि मग ती अक्षरं परत गोळ्यात मळून टाकली.

पत्र लांबलं, काटछाट केलीत तर काही हरकत नाही. ऑनलाइन आवृत्तीत फोटोखालची ती शुभशकुनाची ओळ आणि चौकटीतलं राशिभविष्य तेवढं बदला. हुप्पाला तुम्ही मांडव म्हटलंय ते राहू द्या, ते चालतंय.

आपली,
एक नियमित वाचक