वरणगावच्या नानांस: रायफलीच्या नव्या बॅरलसाठी मनःपूर्वक आभार

आदरणीय नाना,
सादर नमस्कार.

नवी बॅरल (गोळी जिच्यातून सुटते ती नळी) बसवलेली माझी रायफल परवान्यावरील नोंदीसह धुळ्याला घरी आली असून 50 मीटरवरील तिची चाचणीही समाधानकारक झाली आहे. हे पत्र एरवी केवळ आपल्यालाच पाठवले असते. परंतु आपण जे समजावून दिले ते खान्देशातील इतर नेमबाजांच्याही कामी यावे, या हेतूने ते सर्वांसमोर लिहीत आहे.

रायफल .22 ची (म्हणजे नळीचा व्यास सुमारे 0.22 इंच), हौसेने जुळवलेली. ॲक्शन (काडतूस भरून उडवणारी यंत्रणा) जुनी पण भक्कम परदेशी बनावटीची, ट्रिगर नंतर घेतलेला आणि दस्ता अमळनेरच्या सुतारांनी माझ्या खांद्याच्या मापाने सागवानात घडवलेला. लक्ष्यावर गोळ्या विखुरल्या जाऊ लागल्या तेव्हा भेटेल तो एकच सल्ला देत असे, की बॅरल बदला आणि घ्यायचीच तर सर्वांत नामांकित कंपनीची घ्या. वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसांच्या तपासणीत उभी नोकरी केलेल्या आपण मात्र पहिला प्रश्न विचारलात तो काडतुसे कोणत्या लॉटची, म्हणजे कारखान्याच्या कोणत्या खेपेची आहेत, हा. .22 ची गोळी मऊ शिशाची असते आणि दाबही कमी असतो, त्यामुळे नीट निगा राखलेली बॅरल लाखभर फैरींनंतरही चांगले काम देऊ शकते; .308 सारख्या मोठ्या काडतुसाची बॅरल साधारण 5,000 फैरींनंतर आणि 6.5 क्रीडमूरची 2,000 ते 3,000 फैरींनंतर थकते, कारण तिथे तप्त वायू चेंबरपुढील (काडतूस बसते त्या खोबणीपुढील) भाग जाळत जातात. तो हिशेब .22 ला लावून लोक धडधाकट बॅरल काढून टाकतात, हे आपले निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. दस्त्याचे स्क्रू, दर्शनीची (नेम धरण्याच्या साधनाची) पकड, बॅरलचे तोंड (गोळी बाहेर पडते ते टोक) आणि वेगवेगळ्या लॉटची काडतुसे असे सगळे तपासून झाल्यावरच आपण बोअरस्कोप (नळीच्या आत पाहण्याची दुर्बीण) आत घातलात, आणि तेव्हा चेंबरच्या लगेच पुढे, तळाच्या बाजूला, झिजेचा खडबडीत पट्टा दिसला. काडतुसाच्या पेटत्या मसाल्यात काचेची बारीक पूड असते, तिचा अवशेष त्याच जागी घासत राहतो, हे कारणही आपण तेव्हाच सांगितलेत. बॅरल बदलण्याचा निर्णय अशा पुराव्यावर झाला, याचे मला समाधान आहे.

परवानाधारक विक्रेत्याकडे त्या वेळी दोन पर्याय होते: एक मोठ्या नावाची, वापरलेली बॅरल आणि दुसरी फारशा चर्चेत नसलेल्या कारखान्याची, चेंबर न काढलेली कोरी नळी. आपण विक्रेत्याची रीतसर परवानगी घेऊन दोन्ही नळ्या टेबलावर आडव्या ठेवल्यात, आतून तेलाचा हात फिरवलात, मऊ शिशाची गोळी मागच्या टोकाशी बसवलीत आणि सरळ दांड्याने सावकाश, एकाच गतीने ती पुढे सरकवत नेलीत. नंतर दांडा माझ्या हाती दिलात. वापरलेल्या नळीत गोळी मध्यापर्यंत घट्ट चालली आणि तोंडाकडे येता येता एकदम सैल पडली. कोऱ्या नळीत ती सुरुवातीपासून एकसारखी सरकली आणि अखेरच्या काही इंचांत किंचित आवळली गेली. मऊ शिशाच्या गोळीवर नळीतल्या पीळदार खोबणींचे ठसे एकदा उमटले की ते शेवटपर्यंत घट्ट धरले गेले पाहिजेत, म्हणून .22 ची नळी तोंडाकडे किंचित आवळती असणे हितकारक आणि सैल होत जाणे घातक, हे वाक्य मी आधीही वाचले होते. परंतु त्याचा अर्थ मला त्या दांड्यावरच्या बोटांनी कळला. बाहेर काढलेल्या गोळ्या आपण मायक्रोमीटरने मोजून दाखवल्यात आणि बोटांनी जे सांगितले होते तेच आकड्यांनीही सांगितले.

दरातील फरकाबद्दलही आपण जे बोललात ते मला पूर्ण पटले आहे. खोबणींचा पीळ 16 इंचाला एक फेरा असला की 40 ग्रेनच्या (सुमारे 2.6 ग्रॅमच्या) नेहमीच्या गोळीला तो पुरेसा आहे, वेगळ्या पिळासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. स्टेनलेस पोलाद पावसाळ्यात गंजाच्या काळजीतून थोडे मोकळे करते, पण शिशाच्या गोळीपुढे क्रोम-मॉली (क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेले) पोलादही तितकेच टिकते, म्हणून अचूकतेच्या नावाखाली स्टेनलेसची किंमत देऊ नये. बाहेरून चर काढलेली नळी दिसायला देखणी असते; .22 मात्र त्यामुळे थंड ठेवावी लागेल इतकी तापतच नाही. लांबीचेही तसेच. .22 ची दारू साधारण 16 ते 19 इंचांत आपले काम संपवते, त्यापुढची लांबी वेग वाढवत नाही. दर्शनींमधले अंतर वाढवायचे असेल तर पुढे पोकळ नळकांडे जोडता येते आणि ते बरेच स्वस्त पडते. आम्ही लांबी त्याच विचाराने ठरवली.

वाचलेले पैसे कुठे घालायचे, हे आपण अगदी ठामपणे सांगितलेत: कारागिराच्या हातात. चेंबर नळीच्या मध्यरेषेत कापला गेला नाही तर नामांकित नळीही वाया जाते, आणि काडतुसाच्या बुडाच्या कडेसाठी ठेवायची सुमारे 1.09 मिलिमीटरची जागा चुकली तर पेटण्यात फरक पडून गोळ्या वर-खाली जातात. आटे, चेंबर आणि तोंड ही तिन्ही कामे आपण सुचवलेल्या परवानाधारक कारागिरांनी लेथवर एकाच जुळणीत केली. तोंडाची परीक्षा आपण कापसाच्या बोळ्याने घेतलीत. आतून बाहेर फिरवताना एकही तंतू अडकला नाही, तेव्हाच आपण होकारार्थी मान हलवलीत. कोरी नळी आणि कारागिराची मजुरी मिळून झालेला खर्च तयार नामांकित बॅरलच्या निम्म्याच्या आसपास राहिला.

एक गोष्ट मला इथे मुद्दाम नोंदवायची आहे. शस्त्र अधिनियम, 1959 नुसार बॅरल हा शस्त्राचाच भाग ठरतो, आणि खरेदी, बसवणे व नोंद यांतले कोणतेही पाऊल परवान्याबाहेर पडता कामा नये, हे आपण पहिल्या भेटीतच बजावले होते. ओळखीच्या कारखान्यातल्या लेथवर काम उरकून देण्याची तयारी काहींनी दाखवली होती. आपण ते ऐकूनही घेतले नाहीत, आणि या विषयात नव्याने येणाऱ्या तरुणांनी आपल्याकडून आधी हीच गोष्ट घ्यावी असे मला वाटते. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेमबाजीत) कांस्यपदक मिळवल्यापासून आपल्या भागातही अनेक घरांतून या खेळाची चौकशी होऊ लागली आहे; त्या पालकांना साहित्य विकणारे पुष्कळ भेटतील, साहित्य तपासायला शिकवणारा मनुष्य भेटणे अवघड आहे.

चाचणीचा तपशील आपल्याला हवाच असेल. रायफल टेकणीवर ठेवून हाताशी असलेल्या प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडल्या. दोन लॉट 10.4 मिलिमीटरच्या, दहा गुणांच्या वर्तुळाला धरून राहिले, एक लॉट याच बॅरलमधून उभा, म्हणजे वर-खाली पसरला, आणि बाकीचे सरावापुरते ठीक आहेत. सगळी लक्ष्यपत्रे तारीख, तापमान आणि लॉट क्रमांक लिहून जपून ठेवली आहेत. ही चाचणी सकाळच्या गारव्यातली आहे. भुसावळ-जळगावकडच्या मे महिन्यात काडतुसावरचे मेण मऊ पडते तेव्हा हेच दोन लॉट कसे वागतात, ते पाहिल्याशिवाय मोठी खरेदी करू नये, ही आपली सूचना मी पाळणार आहे.

आपण या सगळ्या कामाचा एक रुपयाही घेतला नाहीत. उन्हातान्हात वरणगावहून एसटीने आलात, माझे अज्ञानातले प्रश्न शांतपणे ऐकलेत आणि प्रत्येक वेळी उत्तराऐवजी माप हाती दिलेत. घरातील सर्वांच्या वतीने मी आपला अत्यंत ऋणी आहे. काकूंना आमचा नमस्कार सांगावा. लक्ष्यपत्रे घेऊन मी येत्या रविवारी वरणगावला येत आहे. पसरलेल्या त्या लॉटकडे आपण एकदा नजर टाकावी, ही विनंती.

आपला नम्र,
धुळ्याचा एक नेमबाज