पोट दुखलं की जंतच का?

संपादक साहेब, नमस्कार.

2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यात लोकांचे केस गळून टक्कल पडायला लागले तेव्हा सगळ्या पेपरात रोज बातमी, पाण्याचे सॅम्पल गेले, आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन संस्थेची टीम आली. चांगलंच झालं. पण एखाद्या पोरीच्या डोक्यावर एकाच जागी केस विरळ दिसले तर कोणी विचारत नाही बापा की ते केस गेले कुठं. कधीकधी ते तिच्या पोटात असतात.

मी आशा सेविका आहे. आमच्या भागातली सहा-सात वर्षांची पोरगी, दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायची, तोंडाला घाण वास, अंगात रक्त नाही. जंताची गोळी झाली, गॅसचं औषध झालं, आजीने नजर उतरवली. मग एक दिवस हिरव्या उलट्या, संडास बंद, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, तेव्हा कुठं नागपूरला नेलं. ऑपरेशन करून केसांचा काळा गोळा काढला, जठराच्याच आकाराचा, अन् त्याची शेपटी खाली आतड्यात गेलेली. आई म्हणे, येवढे केस तर हिच्या डोक्यावर नव्हतेच! नव्हतेच ना, घरातल्या बायांची गुंतवळ भिंतीच्या फटीत खोचून ठेवलेली असायची, केसावर भांडी देणारा येतो त्याच्यासाठी, ती पण पोरगी काढून चघळायची.

केस पोटात पचत नाही, गुळगुळीत असल्यामुळे पुढंही सरकत नाही, जठरात अडकतो, अन्न अन् चिकट पाणी धरून गुंडाळत जातो अन् आम्लामुळे काळा पडतो. शेपटी आतड्यात उतरली तर डॉक्टर त्याला रॅपन्झेल सिंड्रोम म्हणतात, 1968 पासून हे नाव आहे, म्हणजे काही नवीन आजार नाही. 10 फेब्रुवारी अन् 10 ऑगस्टला आम्ही जी गोळी वाटतो तिनं जंत मरतात, केस कसे मरतील? अन् पोट फुगलं म्हणून एरंडेल पाजू नका, मेळघाटाकडं चटके देतात तेही नको, हिरवी उलटी अन् संडास-गॅस बंद म्हणजे आतडं अडकलं असू शकते, त्याच दिवशी 108 बोलवा.

माती, खडू, केस खाणाऱ्या लेकरांमध्ये बऱ्याचदा रक्तात लोह कमी निघते, म्हणून हिमोग्लोबिन तपासा. रागावून, मारून सवय सुटत नाही, उलट पोरगी लपून खाते.

माझं म्हणणं येवढंच की लेकरांची तपासणी करणारी सरकारी आरबीएसकेची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, वजन होते, उंची होते, दात पाहतात, तर वेणी सोडून डोकं पाहायला किती वेळ लागते? अन् "केस तोंडात घालते का" हे आईला विचारायला पैसे लागत नाहीत. दुसरं म्हणजे ऑपरेशन झाल्यावर सुट्टीच्या कागदावर गोळ्या असतात, टाके काढायची तारीख असते, पण पोरगी केस का उपटते हे कोण पाहणार? त्या पोरीला तर कोणीच समुपदेशनाला पाठवलं नाही, अन् ते नाही झालं तर गोळा परत होऊ शकते. मनाच्या त्रासावर फोनवर सल्ला देणाऱ्या सरकारी टेली-मानसचा 14416 नंबर फुकट आहे, तो त्या कागदावर छापायला काय हरकत आहे?

एक आशा ताई, जि. यवतमाळ
(नाव छापू नये)