कमानीआधी गटार बघा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हंगाम तोंडावर आला की कोकणातल्या लहान शहरांमधून बाजारपेठेच्या 'कायापालटा'ची भाषा सुरू होते. वेशीवर कमान, तिठ्यावर लाल बदाम आणि शहराचे नाव, रंगीत पेव्हर ब्लॉक, नक्षीचे दिव्यांचे खांब आणि सगळ्या दुकानांना एका मापाची पाटी. राजापूरची पेठ खाडीच्या व्यापारावर वाढली, तिथे इंग्रजांची वखार होती. वेंगुर्ल्यात डचांची होती. मालवणची पेठ बंदराची, सावंतवाडीची संस्थानच्या राजधानीची. कारणे चार, पेठांची तोंडे चार. आराखडे मात्र एकाच संगणकातून निघाल्यासारखे दिसतात.

पर्यटक वाढावेत याला दुकानदारांचा विरोध असण्याचे कारण नाही. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्याचा फायदा पेठेलाही मिळाला. प्रश्न बारा महिन्यांच्या हिशेबाचा आहे. जलक्रीडा आणि किल्ल्याच्या होड्या साधारण मेअखेरीस बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत. 1 जून ते 31 जुलै मासेमारीलाही बंदी. उरलेल्या महिन्यांतही खरी गर्दी दिवाळीची, नाताळची आणि मेच्या सुट्टीची. एरवी गल्ल्यात पैसे टाकतो तो एसटीने आलेला गाववाला. त्याला कोयत्याला मूठ हवी असते, पंपाचा वायसर, आंब्याच्या पेटीचे खिळे, शिवायला टाकलेले कपडे, पावसाळ्याच्या बेगमीची मिरची, मीठ, सुकट. पेठेत हे मिळेनासे झाले की तो हमरस्त्यावरच्या मोठ्या गावाला जातो आणि परत येत नाही.

म्हणून खर्चाचा क्रम बदलावा, एवढ्यासाठी हे पत्र.

पहिली गोष्ट ओट्याची. जुन्या दुकानाला रस्त्यापासून तीन पायऱ्या असत. आता बहुतेक ठिकाणी एक उरली आहे आणि काही दुकानांत तर उतरावे लागते. दुकान खचलेले नाही, रस्ता चढला आहे. जुना थर न खरवडता त्यावर डांबर, डांबरावर काँक्रीट, काँक्रीटवर वाळू आणि पेव्हर. वाहने जाणार असतील तर ब्लॉक 80 मिमीचा लागतो (60 मिमीचा पदपथापुरता), त्याखाली 30 ते 40 मिमी वाळू. म्हणजे एका 'सुशोभीकरणा'त रस्ता साडेचार इंच वर आला. अशी दोन कामे झाली की ओटा संपला.

आता पाऊस. महसूल खाते 24 तासांत 65 मिमी पाऊस पडला की अतिवृष्टी धरते. आपल्याकडे जुलैत तेवढ्या पावसाची कुणी दखलही घेत नाही. 100 चौरस मीटरच्या एका छपरावरून तेवढ्या पावसात साडेसहा हजार लिटर पाणी पागोळ्यांनी खाली येते. दोन्ही बाजूंची मिळून 40 दुकाने धरली तर दोन लाख साठ हजार लिटर, आणि हे नुसते छपरांचे. ते जायचे कुठे? पूर्वी उघड्या गटारात जायचे. आता गटारावर एकसंध स्लॅब आहे, वर फरशी आहे, फरशीवर कुंड्या आहेत.

गटार झाकायला कुणाची ना नाही, पण झाकण उचलता आले पाहिजे. 60 बाय 60 सेंमी, 10 सेंमी जाडीचे काँक्रीटचे झाकण 85 किलोच्या आसपास भरते. दोन बाजूंना कड्या ठेवल्या तर दोन माणसे आकडा घालून ते बाजूला करतात. सलग स्लॅब टाकला की ते गटार पुढे कधीच तळापर्यंत साफ होत नाही. मे महिन्यात जी सफाई होते ती चेंबरच्या तोंडातला गाळ काढून त्याच कडेला ठेवायचा एवढीच. पहिल्या वळिवाला तो परत आत जातो आणि बिल मात्र निघालेले असते.

काम सुरू करण्याआधी एका कागदावर तीन उंच्या लिहून काढाव्यात: प्रत्येक दुकानाचा उंबरा, रस्त्याचा मध्य आणि गटाराचा तळ. सगळ्यात सखल उंबऱ्यापेक्षा रस्त्याचा मध्य किमान 15 सेंमी खाली बसला पाहिजे. बसत नसेल तर जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा घालू नये. सहा मीटर रुंदीच्या रस्त्याला मध्यापासून कडेपर्यंत अडीच टक्के उतार म्हणजे साडेसात सेंमी. हा उतार दोरी लावून तपासता येतो, त्याला तज्ज्ञ लागत नाही. पेव्हरच्या कडेला काँक्रीटचा पक्का काठ नसेल तर सांध्यातली वाळू धुपते, ब्लॉक हलू लागतात आणि तिसऱ्या पावसात दुचाक्या घसरतात. चिपळूणचा जुलै 2021 चा पूर कुठल्याही गटाराने अडला नसता, तो वाशिष्ठीचा होता. पण दरवर्षी दोन-चारदा दुकानात शिरणारे घोटाभर पाणी नदीचे नसते, ते आपणच वर चढवलेल्या रस्त्याचे असते.

दुसरी गोष्ट दर्शनी भागाची. पाटी मराठीत हवी हा कायदा आहे आणि तो चांगलाच आहे, पण ती आठ फूट उंच हवी असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. आज एकसारख्या पाटीच्या नावाखाली एक इंची चौकोनी लोखंडी पाइपची चौकट भिंतीला ठोकतात आणि त्यावर एसीपीचा (दोन ॲल्युमिनियमच्या थरांमध्ये प्लास्टिक असलेला) पत्रा चढवतात. माळ्याची खिडकी त्यामागे बंद होते. कौलांची पागोळी पुढे ओट्यापलीकडे पडायची ती पाटीच्या मागे पडू लागते. भिंत जांभ्याची, म्हणजे पाणी पिणारी. तिच्यावर सिमेंटचा गिलावा, म्हणजे प्यालेले पाणी बाहेर न सोडणारा. खाऱ्या हवेत पाइप आधी वेल्डिंगच्या सांध्यावर फुगतो. दोन-तीन पावसाळ्यांत पाटी एका बाजूने कलते, आणि तोवर आत वाशांची टोके मऊ पडून वाळवी लागलेली असते. दोष कौलांना दिला जातो आणि वर रंगीत पत्रे येतात. पत्र्याच्या स्क्रूखालचा रबरी वायसर उन्हाने कडक झाला की प्रत्येक भोक गळते. कौल फुटले तर एक कौल बदलून भागत होते.

पाटी पागोळीच्या आत, भिंतीपासून पाच सेंमी सुटी, उंचीला दोन फुटांच्या आत ठेवली तर यातले काहीच होत नाही. लाकडी पाटी उत्तम, लोखंड हवेच असेल तर गॅल्व्हनाइज केलेले. जांभ्याच्या भिंतीला गिलावा चुन्याचा करावा, एक भाग चुना आणि तीन भाग रेती. तो करणारे गवंडी कमी उरलेत हे खरे, पण संपलेले नाहीत. पेठेतल्या दुकानांनी मिळून काम काढले तर त्यांनाही परवडते.

फळ्या लावून बंद होणाऱ्या दुकानांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण शटर बसवा म्हणून त्यांच्यामागे फार तगादा असतो. अशा दुकानाला पंधरा-वीस फळ्या असतात, प्रत्येकीवर आकडा. वरची खाच खोल, खालची उथळ. फळी आधी वर चढवायची, मग खाली सोडायची आणि सरकवत कोपऱ्यात न्यायची; शेवटी दाराच्या फळीला कुलूप. आकडा चुकला तर शेवटची फळी बसत नाही, एवढीच काय ती अडचण. सकाळी सगळे दर्शन मोकळे होते आणि त्यातल्याच चार फळ्या घोडीवर टाकून माल मांडता येतो. कुजते ती खालची खाच, कारण तिच्यात धूळ आणि पाणी साचते. तेवढाच सागाचा किंवा फणसाचा तुकडा बदलावा आणि नव्या खाचेला हातहातभर अंतरावर पाणी जायला भोक ठेवावे. शटरची खालची पट्टी समुद्राकाठी याहून लवकर सडते, आणि त्याचा गुंडाळा वरचा फूटभर दर्शनी भाग खातो तो वेगळाच.

भाड्याचा मुद्दा अवघड आहे. जुने भाडेकरू महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 खाली सुरक्षित आहेत. भाडे वर्षाला 4 टक्क्यांनी वाढवता येते. मूळ भाडेच नगण्य, म्हणून मालक दुरुस्ती करत नाही. कायदा भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करायची आणि खर्च भाड्यातून वळता करायची मुभा देतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. वर्षाचे भाडे 2,400 असेल तर 600 रुपये. त्यात कौले चाळायची मजुरीही भागत नाही. मग दोघेही इमारत पडायची वाट पाहतात आणि पडली की तिथे तीन मजली लॉज येतो. सुशोभीकरणाचा पैसा खरा इथे हवा: मालक, भाडेकरू आणि नगरपरिषद यांचा तिघांचा करार करून छपराच्या दुरुस्तीला.

नव्या दुकानदाराची गत उलटी. त्याला अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार मिळतो आणि दर अकरा महिन्यांनी भाडे वाढते. एवढ्यात शिंपी, घड्याळजी, कासार टिकत नाहीत. टिकतात ती चार महिन्यांत पैसे काढणारी आइस्क्रीमची आणि टोप्या-चष्म्यांची दुकाने. अकरा महिने केले की नोंदणी लागत नाही ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. करार कितीही मुदतीचा असो, नोंदणी सक्तीची आणि ती करण्याची जबाबदारी मालकाची. हिशेब करून पाहा. भाडे 8,000, परत मिळणारी अनामत 50,000. छत्तीस महिन्यांच्या करारावर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क सुमारे 760 रुपये (अनामतीवर 10 टक्के व्याज धरून) आणि शहरात नोंदणी फी 1,000, एकूण 1,760. अकरा महिन्यांचा करार तीनदा केला तर साधारण 3,700, शिवाय एजंटाचे तीनदा. दरवर्षीची वाढ करारातच लिहून छत्तीस महिन्यांचा करार केला तर मालकाचे काही जात नाही आणि दुकानदाराला फर्निचर करायची हिंमत येते. व्यापारी संघांनी असा एक नमुना छापून ठेवायला काय हरकत आहे?

महोत्सवांबद्दल फार लिहीत नाही. मंच मैदानावर, स्टॉल बाहेरच्यांचे, आणि गाड्या लावायला पेठ तीन दिवस अडवलेली. बाकी गाणी चांगली होतात.

'अस्सल कोकणी' माल विकणाऱ्यांनीही थोडी शिस्त पाळावी. काजूच्या पाकिटावरचा 240 किंवा 320 हा आकडा एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, बसणाऱ्या अख्ख्या गरांचा असतो. आकडा लहान तेवढा गर मोठा. हे गिऱ्हाइकाला सांगावे. आफ्रिकेतला कच्चा काजू इथल्या कारखान्यात फोडण्यात गैर काही नाही, तो वेंगुर्ल्याचा म्हणून खपवण्यात आहे. आगळ म्हणजे मिठातला कोकमाचा अर्क आणि सरबत म्हणजे साखरेचे, हा फरक बाटलीवर ठळक छापला तर घरी जाऊन आगळाचे सरबत करणारे पर्यटक आपल्या नावाने बोटे मोडणार नाहीत.

राहिले रस्त्यावर बसणारे विक्रेते. कायापालटात पहिला बळी त्यांचाच. पथविक्रेता कायदा, 2014 प्रमाणे दर पाच वर्षांनी त्यांचे सर्वेक्षण व्हायला हवे आणि नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले हवेत, त्यांतल्या एक तृतीयांश महिला. याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत पन्नास वर्षांहून अधिक काळ भरणारा नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून घोषित करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असे म्हटले आहे. आपले आठवडा बाजार आणि मासळी बाजार या व्याख्येत सहज बसतात. ठराव फक्त मांडायचा आहे.

मासळी बाजाराच्या नव्या इमारती ओस आणि बायका बाहेर रस्त्यावर, हे दृश्य बऱ्याच ठिकाणी दिसते. त्यात बायकांचा हट्ट नाही. ओटे छातीइतके उंच, त्यामुळे बसून कापता येत नाही. फरशी सपाट, त्यामुळे पाणी तुंबते. नळ एका टोकाला. आणि इमारतीचे तोंड पेठेकडे नाही. ओटा हवा दीड फुटाचा, गिऱ्हाइकाकडे नव्हे तर मागच्या चरीकडे उतरता, चरीच्या तोंडाला खवले अडवणारी जाळी, दर तीन-चार ओट्यांमागे एक नळ. आराखडा पक्का करण्याआधी एखाद्या मासळीवालीला कच्च्या ओट्यावर माशांची पाटी आणि कोयती घेऊन बसवून पाहिले तरी निम्म्या चुका कळतील.

महिलांना एसटीत मार्च 2023 पासून अर्धे तिकीट आहे. पेठेला याहून मोठी जाहिरात कुणी केलेली नाही, पण तिचा फायदा गाडी पेठेच्या तोंडाशी थांबली तरच. स्थानक शहराबाहेर गेले असेल तर बाजाराच्या दिवशी तरी गाड्या पेठेला वळसा घालून जाव्यात आणि परतीची शेवटची गाडी सातच्या आधी सुटू नये. व्यापारी संघांनी हे आगार व्यवस्थापकांकडे लेखी मागावे.

चतुर्थीला आता फार दिवस नाहीत. आधीचे तीन दिवस गावागावांतून बायका माटवीचे (गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या सजावटीचे) सामान घेऊन येतात: कवंडळे, हरणे, शेरवडाच्या फांद्या, सुपारीची शिपटे, तवशी, आंब्याचे टाळ. गेल्या काही वर्षांत त्यांना वाहतुकीच्या नावाखाली मैदानावर पाठवायची टूम निघाली आहे. मैदानावर चिखल असतो, आणि चाकरमान्यांच्या घरून सामान आणायला निघालेले माणूस वाटेत गूळ, तेल, कापूरही घेते. ते मैदानावर मिळत नाही. त्या तीन दिवसांत सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत चारचाकी पेठेबाहेर थांबवाव्यात, बायकांना दुकानांच्या ओट्यालगत बसू द्यावे, पावती फाडू नये आणि रात्री पाल्याचा कचरा उचलायला एक गाडी ठेवावी. तोच पाला गटाराच्या जाळीवर बसला तर काय होते ते वर लिहिलेच आहे.

आपला,
पेठेतील एक दुकानदार, जि. सिंधुदुर्ग
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)